पणजोबा ९४ वर्षं जगले, मग १९७०च्या महाराष्ट्राचं आयुर्मान ५४ कसं?

कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी. सध्या घराण्याची वंशावळ जुळवतोय. चुलतभावानं जातीच्या दाखल्यासाठी तहसीलमधून जुन्या नकला काढल्या होत्या, त्या हाती आल्या आणि मला नादच लागला. आमचं गाव पुरंदर तालुक्यात. पाऊस जेमतेम, खाणं बाजरी, हुलगे, मटकी. तरी पणजोबा ९४ वर्षांचे होऊन गेले. त्यांचा धाकटा भाऊ ८८. पणजी नव्वदीच्या आसपास, शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायच्या असं आत्या सांगते. आजोबा ८६.

गणपतीत सगळे जमलो तेव्हा हे कौतुकानं सांगितलं, तर भाच्यानं मोबाईलवर आकडे काढून पुढ्यात ठेवले. केंद्राच्या महानिबंधक कार्यालयाचे आहेत म्हणे. महाराष्ट्राचं जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान १९७०-७५ मध्ये ५३.८ वर्षं, नव्वदच्या दशकात ६५च्या आसपास आणि २०१६-२० मध्ये ७२.९. पन्नासेक वर्षांत १९ वर्षांची वाढ! थोरल्या काकांनी तिथंच निकाल देऊन टाकला, "सगळं औषध कंपन्यांचं लफडं आहे. आमच्या वेळची माणसं ऐंशीव्या वर्षी पायी पंढरपूरला जायची."

मला कुणाचंच धड पटत नाही. सरासरी चोपन्न असेल तर तेव्हा गावात पन्नाशी-साठीची माणसं पटापट जात असायला हवीत. तसं तर कुणालाच आठवत नाही. मग आकडा चुकलाय की आमचं घराणंच जगावेगळं? आणि हे मोजतं कोण? आमच्या दारात तर आजवर कुणी विचारायला आलेलं नाही. जाणकारांनी जरा उजेड पाडावा.

---

पाटीपेन्सिल

आकडाही बरोबर आणि तुमचे पणजोबाही बरोबर (त्यांच्या वयाबद्दल कुणीतरी शंका काढेलच, मी नाही काढत).

समजा एका घरात दहा मुलं झाली. त्यातली तिघं वर्ष-दीड वर्षाची व्हायच्या आत गेली. उरलेली सात सत्तर-सत्तर वर्षं जगली. सातांचे झाले ४९०, तिघांची मिळून साधारण तीन वर्षं धरा. भागिले दहा. सरासरी आली ४९. त्या घरात पन्नाशीत एकही माणूस गेलेला नाही, तरी सरासरी पन्नासच्या आत. आता तिघांऐवजी एकच मूल दगावलं असतं तर? सरासरी थेट ६३. म्हणजे म्हाताऱ्यांपैकी कुणीही एक दिवस जास्त जगला नाही आणि आयुर्मान चौदा वर्षांनी वाढलं.

देशाचे आकडे हेच सांगतात. १९७०-७५ मध्ये भारताचं जन्मवेळचं आयुर्मान ४९.७ होतं, २०१६-२० मध्ये ७०. वीस वर्षांची वाढ. पण ज्यानं साठी गाठली त्याच्यापुढं सरासरी किती वर्षं उरतात असं विचारलं, तर तेव्हा साधारण १४ आणि आता साधारण १८. फक्त चार वर्षं वाढली. थोडक्यात, तुमचे काका ज्यांना पायी पंढरपूरला जाताना बघत होते ती गाळणीतून उरलेली माणसं होती.

मोजतं कोण? नमुना नोंदणी पद्धत म्हणजे एसआरएस. १९६९-७० पासून देशभर चालू आहे. आज साडेआठ हजारांवर निवडक गावं आणि शहरी भाग त्यात आहेत, लोकसंख्या ऐंशी लाखांच्या आसपास. तिथला स्थानिक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो आणि दर सहा महिन्यांनी दुसराच माणूस येऊन घरोघरी स्वतंत्र चौकशी करतो. दोन्ही याद्या ताडून बघतात, जिथं जुळत नाही तिथं पुन्हा जाऊन खात्री करतात. तुमचं गाव नमुन्यात नसेल तर तुमच्या दारात कुणी येणारच नाही.

अजून एक. ७२.९ हे भविष्य नव्हे. त्या पाच वर्षांत कुठल्या वयाचे किती लोक गेले, ते प्रमाण आज जन्मलेल्या बाळाला जन्मभर तसंच लागू राहिलं तर ते सरासरी किती जगेल, एवढाच त्याचा अर्थ.

---

निवृत्त_सिस्टर

पाटीपेन्सिल सरांच्या हिशेबातली ती तीन पोरं कोण, ते मी सांगते.

मी १९७९ला आरोग्य सेविका म्हणून लागले, पुढं सहाय्यिका होऊन निवृत्त झाले. सगळी नोकरी बीड जिल्ह्यात, बरीचशी आष्टी-पाटोद्याकडं. उपकेंद्र म्हणजे ग्रामपंचायतीनं दिलेली एक गळकी खोली, लोखंडी कपाट आणि रजिस्टरांची चळत.

कऱ्हाकाठ दादा, तुमच्या वंशावळीत पणजोबांची भावंडं किती आहेत हो? दोन नाहीतर तीन असतील. तेव्हाच्या बायका आठ-आठ, दहा-दहा वेळा बाळंत व्हायच्या. बाकीची कुठं गेली? वंशावळीत ज्यांचा वंश चालला तेवढेच उतरतात. मी एखाद्या घरी नव्या गरोदर सुनेची नोंद करायला गेले की सासूला विचारायचे, "मावशी, तुम्हाला मुलं किती?" "पाच." "अन् झालेली किती?" मग बोटं मोजणं सुरू व्हायचं. आठ. कधी नऊ. पहिल्या उत्तरात जिवंत तेवढीच असायची. हे काही लपवणं नव्हतं. गेलेलं मोजायचं नसतं, अशी रीत होती.

१९७१ला महाराष्ट्रात दर हजार जन्मांमागं १०५ बाळं वर्षाच्या आत जात होती. देशात १२९. २०२० साली राज्याचा आकडा १६ झाला. या एका ओळीत आयुर्मानाच्या गोष्टीचा मोठा भाग येतो, पण तो १०५ खाली आणायला काय काय लागलं ते आकड्यात दिसत नाही.

सगळ्यात आधी धनुर्वात. बाळ जन्मतं छान, दूध ओढतं, आणि पाचव्या-सहाव्या-सातव्या दिवशी जबडा धरतं. मग हात लावला, दार वाजलं तरी अंग ताठ होऊन मागं वाकतं. घरचे म्हणायचे सटवाईनं धरलं. नाळ कापायची विळ्यानं, नाहीतर दगडावर ठेवून दगडानं, आणि वर राख नाहीतर शेण लावायचं. दायांना शिकवताना आम्ही बोटावर पाठ करून घ्यायचो : हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळ स्वच्छ. आमच्याकडची एक म्हातारी दायी मला म्हणाली, "बाई, तुझ्या जन्माच्या आधीपास्नं मी बाळंतपणं करते." मी म्हटलं, "तुमचाच हात चांगला, फक्त तो साबणानं धुवा." ती हसली, पण बाळंतपणाची पेटी घेतली. गरोदर बाईला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं आणि एक कोरं ब्लेड, एवढ्या स्वस्तात जीव वाचवणारं दुसरं काही मी नोकरीभरात बघितलं नाही. बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं देशासाठी २०१५ला जाहीर झालं, तेव्हा मी घरी होते. पेपरात आतल्या पानावर बातमी होती.

मग हगवण. पोराला जुलाब लागले की पाणी बंद करायचे, कारण पाणी पाजलं की आणखी होतात अशी समजूत. पोर सुकून जायचं, टाळू खाली बसायची. तिथं आम्ही जलसंजीवनी करायला शिकवली. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चव डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर फेकून पुन्हा करायचं. साखर महाग पडते म्हणणाऱ्या घरी मी स्वतःच्या पिशवीतनं पुडी दिलीय.

आणि गोवर. गोवर आला की कडुलिंबाचा टाळा दाराला, घरात फोडणी बंद, पोर अंधाऱ्या खोलीत. गोवरानं पोर जायचं नाही, मागनं येणाऱ्या न्युमोनियानं जायचं. १९८५ला सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं आणि गोवराची लस हाती आली. लशीचा डबा प्राथमिक आरोग्य केंद्रातून निघायचा, एसटीनं फाट्यापर्यंत, पुढं पायी. एप्रिल-मेमध्ये पोचेपर्यंत बर्फाचं पाणी. उलटी भानगड ट्रिपलची (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) होती. ती लस गोठली की वाया. बाटली हलवून ठेवायची आणि तळाला गाळ लवकर बसतोय का बघायचं. बसला की टाकून द्यायची. पन्नास बायका पोरं घेऊन बसलेल्या असताना "आज लस नाही, पुढच्या वेळी या" म्हणणं सोपं नव्हतं. पुढच्या वेळी त्यातल्या तीस यायच्या.

१९७०-७५च्या त्या आकड्यात बहात्तरचा दुष्काळही आहे, हे विसरू नका. मी तेव्हा शाळकरी होते, मीही खडी फोडलीय. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाल्लीय. जनावरं गेली, गावं रिकामी झाली, पण इंग्रजांच्या काळातल्यासारखी माणसं रस्त्याकडेला मरून पडली नाहीत. रोजगार हमीचा कायदा नंतर १९७७ला झाला, पण काम आणि धान्य तेव्हाच मिळत होतं. काकांना विचारा, त्यांना मिलो आठवत असेल.

आता नोंदीचं. हे मी कुठं लिहिलेलं बघितलं नाही म्हणून सांगते. बाळ घरी झालं आणि तासाभरात गेलं, तर घरचे म्हणायचे "उपजतच मेलेलं आलं." मी विचारायचे, "रडलं का?" गप्प. "हात-पाय हलवले का?" मग आतनं बाळंतीण सांगायची, "एकदा रडलं." एकदा जरी रडलं तरी तो जिवंत जन्म आणि नंतरचा मृत्यू. रजिस्टरला दोन नोंदी. उपजत लिहिलं की एकही नाही, अर्भकमृत्यूत ते मूल धरलंच जात नाही. एका वरिष्ठांनी मला ऐकवलंय, "सिस्टर, तुमच्याच उपकेंद्रात मरतात का सगळी? शेजारचं रजिस्टर बघा किती स्वच्छ आहे." शेजारच्या रजिस्टरात उपजत भरपूर होते.

दुसरी गळती ऊसतोडीची. दसऱ्यानंतर टोळ्या निघाल्या की गाव अर्धं. गरोदर बाई कोयत्याला म्हणजे ऊस तोडायला जाते, बाळंतपण कोपीत (झोपडीत) नाहीतर फडात, कधी सांगलीकडं, कधी कर्नाटकात. तिथली सिस्टर म्हणते ही आमची नव्हे, आमच्याकडं ती चैत्रात परत येते तेव्हा मांडीवर मूल असतं किंवा नसतं. नसलं तर कुणी सांगत नाही. आजही हे पूर्ण थांबलेलं नाही.

---

वैनगंगा

ताई, वाचून अंगावर काटा आला. पण माझी तक्रार 'महाराष्ट्राचं आयुर्मान' या शब्दांवरच आहे. एसआरएस जिल्ह्याचं आयुर्मान देत नाही. पुणे, मुंबई, नंदुरबार, गडचिरोली एकाच कढईत टाकून ७२.९ काढायचं आणि पाठ थोपटायची. आमच्या सीमेपलीकडं छत्तीसगडचं आयुर्मान त्याच काळात ६५.१ आहे. नदी ओलांडली की सात-आठ वर्षं कमी होतात का? इंद्रावतीच्या अलीकडचा माणूसही तसाच जगतो. फक्त त्याचा आकडा पुण्याच्या आकड्यात बुडालेला आहे.

मी मूळचा गडचिरोलीचा. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, हे दर पावसाळ्यात बातम्यांत दिसतं. बातमीत दिसत नाही ते हे, की त्या दिवसांत कळा सुरू झालेल्या बाईला खाटेवर घालून चौघांनी नाल्यापर्यंत आणायचं आणि पाणी उतरायची वाट बघायची. राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांत आमच्या जिल्ह्याचा वाटा वर्षानुवर्षं फार मोठा राहिलाय. साप चावून गेलेले वेगळेच.

आणि उपायही इथंच सापडला, हेही सांगायला हवं. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं : श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्गावर औषध देणं. त्या गावांत पहिल्या महिन्यातले बालमृत्यू हजारी ६२ वरून २५च्या घरात आले. १९९९ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि २०११पासून देशभर आशाताई हेच काम करतायत. पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांनी नव्हे, कमी शिकलेल्या बायकांनी हे करून दाखवलं.

केरळशी तुलना कुणी करणार असेल तर आधीच सांगतो. १९७०-७५ला केरळ ६२ होतं, आपण ५३.८. २०१६-२०ला ते ७५, आपण ७२.९. अंतर आठावरून दोनवर आलं हे खरं. पण अजून आपण मागंच आहोत.

---

मोडीवाचक

शंका मीच काढतो मग. कऱ्हाकाठ, पणजोबांच्या जन्माची नोंद मिळाली आहे का, की फक्त मृत्यूची?

मी मोडी वाचून देतो, त्यामुळं गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकं रोज नजरेखालून जातात. मयताचं वय घरचे सांगतील ते लिहिलेलं असतं. पानंच्या पानं चाळा, वयं दिसतात ३०, ४०, ५०, ६०, ८०. सदतीस किंवा त्रेसष्ट क्वचित. मान राखायचा तेवढं वय वाढतं. मी ११० वर्षांचा पाटीलही वाचलाय, आणि त्याच गावात त्याच्या थोरल्या भावाचं वय नंतरच्या सालात ८५ लिहिलेलं. ९४ खोटं आहे असं नाही म्हणत. जन्माची नोंद मिळेपर्यंत पेन्सिलनं लिहा, एवढंच.

सिस्टरांनी मुलांचं म्हटलं ते नोंदवहीत उघड दिसतं. नावाच्या रकान्यात नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी', पुढं बापाचं नाव, वय '३ दिवस', '२ महिने', '१ वर्ष'. कारणाच्या रकान्यात ताप, हगवण, देवी, खोकला. पटकीचं साल आलं की मात्र एकाच हस्ताक्षरात ओळीनं पटकी, पटकी, पटकी, आठवडाभरात पान भरतं. प्लेगच्या वर्षांत गाठीचा ताप. १८९६ला मुंबईत मांडवीला तो सुरू झाला, पुढच्या वर्षी पुण्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करताना त्यातच गेल्या. नंतर कितीतरी वर्षं तो गावागावांत पुन्हा पुन्हा यायचा आणि लोक रानात झोपड्या घालून राहायचे.

पण मी सगळ्यात जास्त थांबतो ते १९१८च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरवर. मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. तिथं वयाचा रकाना एकदम बदलतो. एरवी पोरं आणि म्हातारी, इथं २०, २५, ३०, ३५. बायका जास्त. एकाच घरातली सासू-सून लागोपाठच्या ओळींत. १९११ ते २१ या दशकात भारताचं जन्मवेळचं आयुर्मान विशीच्या आसपास होतं असं जनगणनेवरून काढतात. लोकांना हा आकडा छापण्यातली चूक वाटतो. ती पानं वाचलेल्याला वाटत नाही.

---

कऱ्हाकाठ

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. जन्माची नोंद नाही मिळालेली. मोडीवाचक, पणजोबांपुढं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह टाकलंय, आत्याला सांगू नका.

आता स्वार्थी प्रश्न. मी ५२ वर्षांचा. लहानपणीची गाळणी पार केली. मग मला ७२.९ लागू की जास्त? आणि कोविडमध्ये एवढी माणसं गेली, तरी २०१६-२०चा आकडा वाढलेलाच कसा?

---

पाटीपेन्सिल

जास्त. साठी गाठलीत की पुढं सरासरी अठरा, म्हणजे ७८. तोवरची आठ वर्षं तुम्ही सांभाळायची.

कोविडचं म्हणाल तर पाच वर्षांची सरासरी काढली की एका वर्षाचा खड्डा बुजतो. शिवाय २०२१ची दुसरी लाट, जी खरी जीवघेणी होती, ती २०१६-२० मध्ये नाहीच. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ला वर्षवार अंदाज काढले, त्यात भारताचं आयुर्मान २०१९ला ७०.९ आणि २०२१ला ६७.२ धरलं होतं. पावणेचार वर्षांची घसरण. तुमच्या गणपतीतल्या घोळक्यात कोण कोण कमी झालं ते आठवलं तर पटेल.

---

निवृत्त_सिस्टर

वैनगंगा दादा, तुमची तक्रार रास्त आहे. बीडचाही आकडा पुण्यात बुडतो, फक्त आमचं नाव कुपोषणाच्या बातमीत येत नाही. आमचं नाव २०१९ला गर्भपिशव्यांच्या बातमीत आलं. तिशीतल्या बायका, कोयत्याचे दिवस बुडू नयेत म्हणून पिशवी काढून मोकळ्या. जिवंत आहेत, आयुर्मानाच्या आकड्यात त्या चांगल्याच दिसतील. कंबर धरून बसतात त्याला रकाना नाही.

तरी बायकांचं एक खरंच बदललं. सत्तरीच्या सुरुवातीला देशात बायकांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा कमी होतं, ४९ आणि पुरुषांचं साडेपन्नास. आपल्या राज्यात तेव्हाही बायका थोड्या पुढं होत्या, आज दोन-तीन वर्षं पुढं आहेत. बाळंतपणात जाणं कमी झालं हे त्याचं एक मोठं कारण. राज्यात लाख जिवंत जन्मांमागं २००१-०३ मध्ये १४९ माता जात होत्या, २०१८-२० मध्ये ३३. माझ्या उमेदीत दवाखान्यातली बाळंतपणं निम्मीसुद्धा नव्हती. आता शंभरातली ९५ दवाखान्यात होतात, आणि २०१४पासून १०८ला फोन केला की गाडी येते. कधी उशिरा येते, पण येते. बैलगाडीत वार अडकलेली बाई घेऊन रात्रभर चाललेल्या माणसाला विचारा त्याची किंमत.

कऱ्हाकाठ दादा, ५२च्या माणसानं ७८ ऐकून निर्धास्त होऊ नये म्हणून हे लिहिते. पोरं वाचवायचं काम बरंचसं झालं. आता आमच्या गावात जी अवेळी माणसं जातात ती ४५ ते ६०मधले बाप्ये. हृदयविकार, लकवा, शुगर, मोटरसायकल, दारू. आणि यांना पकडणं बाळाला लस देण्यापेक्षा अवघड, हे मी अनुभवानं सांगते. बाळाला आई घेऊन येते. बाप्याला कोण आणणार? निवृत्तीनंतरही मी आशाताईंबरोबर कधी कधी बीपीच्या तपासणीला बसते. शाळेच्या व्हरांड्यात टेबल लावतो. बायका रांगेनं येतात. बाप्ये समोरच्या पारावर बसून तंबाखू मळत बघतात. हाक मारली की म्हणतात, "मला काय झालंय?" एक सरपंच असाच म्हणाला. बळंच पट्टा बांधला तर वरचं २१० निघालं. गोळ्या सुरू केल्या, महिन्यानं विचारलं तर म्हणे, "बरं वाटायला लागलं म्हणून सोडल्या." त्याच्या बायकोला बोलावलं आणि गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात दिलं. आता ती रोज सकाळी चहाच्या बशीत गोळी ठेवते, गोळी घेतल्याशिवाय चहा नाही.

तुम्ही शेवटचं बीपी कधी बघितलंत? घराजवळच्या उपकेंद्रात फुकट बघतात. सकाळी दहाच्या आत जा, नंतर सिस्टर फिरतीवर जातात.